दंडावरचा वण

मागच्या पावसाळ्यात आमच्या वहिनी गावाहून लालबागला आल्या. आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात आहे. वहिनींचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, मुंबईत नोकरी करतो. त्याचे बाळ नऊ महिन्यांचे झाले होते. नातवाला सांभाळायला आजी आली होती.

एके दिवशी सकाळी सून बाळाचे कार्ड घेऊन माझ्याकडे आली. ती म्हणाली, "काका, आज बाळाला गोवराची लस टोचायची आहे. दवाखान्यातल्या सिस्टरनी तारीख लिहून दिली आहे. पण आई नको म्हणतात."

मी वहिनींना विचारले, "का हो वहिनी?"

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पोर कसं छान खेळतंय बघा. ह्याच्या थोरल्या बहिणीला अडीच महिन्यांची असताना सुई दिली, तर रात्रभर तापानं फणफणली होती. चांगल्या पोराला मुद्दाम ताप कशाला आणायचा? आणि गोवर यायचा असला तर येतोच. तो काय सुईला भितो?"

वहिनींचा प्रश्न खोटा नव्हता. पुष्कळ आयाबायांच्या मनात तो असतो. मी हेडमास्तर होतो. प्रश्न विचारणाऱ्याला रागे भरू नये, हे मी शाळेत शिकलो. मी म्हणालो, "वहिनी, तुमच्या दंडावर एक वण आहे ना? तो कसला?"

"हा? लहानपणी देवी काढल्या होत्या, त्याचा."

"मग आधी त्या वणाची गोष्ट ऐका. नंतर सुईचं ठरवू."

वाचकहो, वहिनींना जे सांगितले तेच येथे लिहिले आहे.

देवीचा रोग

आज साठीच्या पुढे असलेल्या माणसांचे दंड पाहा. पुष्कळांच्या दंडावर गोल, खोलगट वण दिसेल. पन्नाशीच्या आतल्या बहुतेक माणसांना हा देवीचा वण नसतो. त्यांच्या डाव्या दंडावर लहान वण असतो, तो क्षयाच्या लशीचा. देवीचा वण नव्या माणसांना का नाही? कारण देवीचा रोगच आता जगात उरलेला नाही.

हा रोग फार भयंकर होता. आधी जोराचा ताप येई. मग तोंडावर, हातापायांवर पाण्याचे फोड उठत. त्यांत पू होई. आजारी पडलेल्या दहा माणसांपैकी सुमारे तीन दगावत. जे वाचत त्यांच्या तोंडावर कायमचे खड्डे पडत. कित्येकांचे डोळे जात. आमच्या आजीचा एक डोळा असाच गेला होता.

लोकांना वाटे, देवी कोपली. म्हणून रोगाचे नावच देवी पडले. मुंबईत माहीमला शीतळादेवीचे देऊळ आहे. मुले बरी व्हावीत म्हणून आया तिथे जात. घराच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लावीत. श्रद्धेने मनाला धीर येतो. पण रोग थांबला तो दुसऱ्याच उपायाने.

गाईच्या गोठ्यातला उपाय

इंग्लंडात बर्कली नावाच्या गावी एडवर्ड जेन्नर नावाचे डॉक्टर होते. तिथल्या गवळणी म्हणत, आम्हांला देवी येत नाहीत. गाईच्या सडांवर कधी कधी फोड येत. धार काढताना ते फोड गवळणींच्या हातांवर उठत. चार दिवस त्रास होई आणि बरे वाटे. या सौम्य रोगाला गोस्तन देवी म्हणतात. तो एकदा झाला की मोठ्या देवी येत नाहीत, असा गवळणींचा अनुभव होता.

जेन्नर यांनी हा अनुभव तपासून पाहिला. 14 मे 1796 या दिवशी त्यांनी एका गवळणीच्या हातावरच्या फोडातले पाणी घेतले. जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर त्यांनी लहान ओरखडा काढला आणि ते पाणी तिथे लावले. मुलाला थोडा ताप आला. तो बरा झाला. दीड महिन्यानंतर जेन्नर यांनी त्याला खऱ्या देवीची लागण करून पाहिली. रोग झाला नाही. आज असा प्रयोग कोणा मुलावर करू देणार नाहीत. पण त्यातून जगाला मोठा उपाय सापडला.

फोडातून जे पातळ पाणी निघते, त्याला आपण मराठीत लस म्हणतो. जखमेतून लस येते, असे आपण म्हणतोच. टोचायच्या औषधाला लस हे नाव मिळाले, त्याचे मूळ हेच.

लस मुंबईला आली

त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. लस वाटेत खराब होई. मग ती इतक्या दूर मुंबईला कशी आली? एका माणसाला टोचायची. आठ दिवसांनी त्याच्या दंडावर फोड येई. त्या फोडातली लस दुसऱ्याला टोचायची. अशी माणसामाणसांच्या दंडांवरून लस प्रवास करी. व्हिएन्नाहून ती बगदादला आली, तिथून बसऱ्याला आणि पुढे गलबताने मुंबईला.

14 जून 1802 या दिवशी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. हिंदुस्थानात लस घेऊन देवीपासून राखली गेलेली ही पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरच्या फोडातून मुंबईतल्या आणखी मुलांना लस टोचली. पुढे ती इतर गावांना गेली. एका लहान पोरीच्या दंडापासून आपल्या देशात हे काम सुरू झाले.

हे काम पुरे व्हायला पावणेदोनशे वर्षे लागली. देवी काढणारे लोक गावोगाव, वाडीवाडीवर पायी हिंडले. आपल्या देशात 1975 साली देवीचा शेवटचा रोगी सापडला. 8 मे 1980 या दिवशी देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. रोग गेला, तसे देवी काढणेही थांबले.

वहिनींनी दंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, "पण भावोजी, एवढ्याशा ओरखड्यानं एवढा मोठा रोग कसा काय अडला?"

खरा प्रश्न हाच आहे.

विषाणू म्हणजे काय?

देवी, गोवर, कांजिण्या, पोलिओ, करोना हे सारे रोग विषाणूंमुळे होतात. विषाणू इतका बारीक असतो की साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रातूनही तो दिसत नाही.

आपले शरीर कोट्यवधी लहान लहान पेशींचे बनलेले आहे. घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे. पण पेशी विटेसारखी निर्जीव नसते. ती खाते, काम करते, वाढते. विषाणूला स्वतःची वाढ करता येत नाही. तो पेशीत शिरतो. पेशीच्या भिंतीला जणू एक कुलूप असते आणि विषाणूच्या अंगावर त्या कुलपाला बसणारी किल्ली असते. आत शिरला की तो पेशीला आपल्या कामाला जुंपतो. तिच्याकडून स्वतःसारखे शेकडो विषाणू तयार करून घेतो. ते बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात.

जिवाणू हे वेगळे जंतू. पटकी, क्षय आणि प्लेग हे जिवाणूंचे रोग. जिवाणूंवर जी औषधे चालतात, ती विषाणूंवर चालत नाहीत. गोवराचा विषाणू मारील अशी गोळी आपल्या दवाखान्यात मिळत नाही. डॉक्टर ताप उतरवतात, पाणी कमी पडू देत नाहीत, 'अ' जीवनसत्त्व देतात. विषाणूशी लढावे लागते ते शरीरालाच.

शरीराचे राखणदार

शेतात पीक उभे असले की आपण राखण करतो. शरीरातही राखणदार असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे ते राखणदार. त्यांतले काही सगळ्याच उपऱ्यांवर धावून जातात. ही पहिली फळी. पण पुष्कळ विषाणू तिला चुकवून पुढे जातात.

मग दुसऱ्या फळीचे काम सुरू होते. या फळीतल्या राखणदारांची रीत वेगळी आहे. प्रत्येकाला एकच चेहरा ओळखता येतो. एक गोवराला ओळखील, दुसरा कांजिण्यांना ओळखील. असे निरनिराळे राखणदार शरीरात कोट्यवधी असतात. पण एकेका जातीचे फार थोडे. गोवराचा विषाणू पहिल्यांदा शरीरात आला, की त्याला ओळखणारा राखणदार एवढ्या गर्दीतून आधी सापडावा लागतो. सापडला की त्याचे दोन होतात, दोनाचे चार, चाराचे आठ. अशी फौज वाढत जाते.

पायाला जखम झाली तर जांघेत गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. त्या गाठीत हीच फौज वाढवण्याची धांदल चाललेली असते.

ही फौज दोन प्रकारे लढते. काही राखणदार एक प्रकारचा चिकट पदार्थ रक्तात सोडतात. त्याला प्रतिपिंड म्हणतात. किल्लीला लाख फासली तर ती कुलपात जाईल का? तसे प्रतिपिंड विषाणूच्या किल्लीला चिकटते. मग विषाणूला पेशीत शिरता येत नाही. दुसरे राखणदार, ज्या पेशींत विषाणू आधीच शिरला आहे, त्या पेशी शोधून मारतात. घरात चोर दडला असेल तर तिथेच त्याला गाठायचे.

पण ही सारी तयारी व्हायला आठवडा, दोन आठवडे लागतात. विषाणू तेवढा थांबत नाही. या शर्यतीत शरीर जिंकले तर माणूस बरा होतो. विषाणू जिंकला तर माणूस जातो, किंवा जन्माचे अधूपण येते.

माणूस बरा झाला की फौजेतले बहुतेक राखणदार मरतात. थोडे मात्र मागे राहतात आणि वर्षानुवर्षे जगतात. त्यांनी शत्रू पाहिलेला असतो. तोच विषाणू पुन्हा आला तर शोधाशोध करावी लागत नाही. थोड्याच दिवसांत फौज उभी राहते. म्हणूनच एकदा गोवर झालेल्याला तो बहुधा पुन्हा होत नाही.

लस काय करते?

ही ओळख फार महागात पडते. ती करून घेण्यासाठी आधी रोगातून जावे लागते. त्यात जीवही जातो. मग रोग न होता ओळख झाली तर?

लस हेच करते. लशीतून विषाणूची फक्त ओळख शरीराला करून दिली जाते. राखणदार सापडतो, फौज वाढते, प्रतिपिंडे तयार होतात आणि आठवण ठेवणारे राखणदार मागे राहतात. शरीर सारा धडा शिकते. पुढे खरा विषाणू आला तर शरीर त्याला पाहताच ओळखते. रोग मुळीच होत नाही, किंवा झाला तर हलका होतो.

लक्षात घ्या, लस स्वतः रोगाशी लढत नाही. लढते आपले शरीर. म्हणून लस आधी टोचावी लागते. घराला आग लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

ओळख करून देण्याच्या रीती अनेक आहेत. एक रीत जेन्नर यांची. गोस्तन देवीचा विषाणू मोठ्या देवीच्या विषाणूचा चुलत भाऊ. चेहरेपट्टी सारखी, पण स्वभाव गरीब. त्याला पाहून ठेवले की शरीर मोठ्यालाही ओळखते. दुसरी रीत, विषाणूला प्रयोगशाळेत अगदी दुबळा करायचा. गोवराची लस आणि पोलिओचे थेंब असे केलेले असतात. तिसरी रीत, विषाणूला मारून त्याचा सांगाडाच दाखवायचा. पोलिओची सुई आणि कुत्रे चावल्यावर घ्यायची लस अशी असते. आणखी एक नवी रीत करोनाच्या वेळी आपण पाहिली. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या लशीत अख्खा करोना विषाणू नव्हता. त्याची किल्ली तेवढी शरीराला दाखवायची अशी तिची रचना होती. आपल्या देशात ही लस टोचायला 16 जानेवारी 1921 नव्हे, तर अगदी अलीकडे, 16 जानेवारी 2021 रोजी सुरुवात झाली. शंभर वर्षांपूर्वी मात्र हे ज्ञान कुठे होते, तेही पाहू.

परळची प्रयोगशाळा

लालबागहून पुढे गेले की परळ लागते. तिथे हाफकिन संस्थेची जुनी, भव्य इमारत आहे. पूर्वी मुंबईचे गव्हर्नर तिथे राहत.

1896 साली मुंबईत प्लेग आला. लोक पटापट मरू लागले. हजारो माणसे शहर सोडून गावी पळाली. तेव्हा वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईला आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काम करायला जागा मिळाली. त्यांनी मांसाच्या रश्श्यात तुपाचे थेंब सोडून त्यात प्लेगचे जंतू वाढवले. मग ते तापवून मारले. त्या मेलेल्या जंतूंची लस केली. प्लेगचा जंतू विषाणू नव्हे, जिवाणू आहे. पण शरीराला ओळख करून देण्याचे तत्त्व तेच.

ही लस आधी कोणाला टोचायची? 10 जानेवारी 1897 या दिवशी हाफकिन यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. त्यांनाही ताप आला, अंग दुखले. दोन दिवसांत ते बरे झाले. मग इतरांना लस देणे सुरू झाले. 1899 साली प्रयोगशाळा परळच्या इमारतीत आली. 1925 साली तिला हाफकिन यांचे नाव दिले गेले.

वहिनी हसल्या. "म्हणजे लस करणाऱ्यालाही ताप चुकला नाही म्हणायचा!"

मी म्हणालो, "नाही चुकला. आता तापाचंच सांगतो."

ताप का येतो?

राखणदार कामाला लागले की शरीराची ऊब वाढते. लस टोचल्यावर येणारा थोडा ताप आणि सुईच्या जागी येणारी थोडी सूज ही बहुधा या धड्याची खूण असते. नातीला अडीच महिन्यांची असताना जी सुई दिली, तिचा ताप त्याच दिवशी येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. गोवराच्या लशीचे वेगळे आहे. तिच्यातला दुबळा विषाणू शरीरात हळूहळू थोडा वाढतो. म्हणून काही मुलांना सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास ताप येतो. अंगावर थोडे पुरळही दिसते. ते आपोआप जाते. पुष्कळ मुलांना ताप येतच नाही. म्हणून लस लागू पडली नाही असे समजू नये.

ताप आला तर सिस्टरनी सांगितलेले औषध, सांगितले तेवढेच द्यावे. बाळाला अंगावर पाजत राहावे. सुईच्या जागी हळद, तेल काही लावू नये. फार जोराचा ताप आला, झटके आले किंवा मूल दूध घेईना, तर लगेच दवाखाना गाठावा. क्वचित, लाखांत एखाद्याला, लशीचे मोठे वावडे निघते. ते बहुधा थोड्याच वेळात कळते. म्हणून टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच बसवतात. मूल आधीच फार आजारी असेल किंवा मोठ्या रोगाचे उपचार चालू असतील, तर ते सिस्टरला आधीच सांगावे.

उसने राखणदार

गावात कोणाला साप चावला की त्याला दवाखान्यात सुई देतात. ती लस नव्हे. घोड्याला सापाचे विष थोडे थोडे टोचतात. घोड्याचे शरीर प्रतिपिंडे तयार करते. ती घोड्याच्या रक्तातून काढून माणसाला देतात. हाफकिन संस्थेत या औषधाचेही काम झाले आहे. हे उसने राखणदार. ते लगेच कामाला लागतात, पण थोड्या दिवसांत संपतात. शरीराला काही शिकवून जात नाहीत.

आईकडूनही बाळाला पोटात असतानाच असे उसने राखणदार मिळतात. ते काही महिने पुरतात. ते आहेत तोवर गोवराची लस टोचली तर लशीतला दुबळा विषाणू तेच मारून टाकतात. बाळ धडा शिकत नाही. नऊ महिन्यांनी आईची शिदोरी सरत आलेली असते. म्हणून पहिली सुई नऊ महिने पुरे झाल्यावर देतात.

कुत्रे चावल्यावर मात्र लस नंतर देतात, ती कशी? त्या रोगाचा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे हळूहळू जातो. त्याला बहुधा काही आठवडे लागतात. तेवढ्यात शरीर शिकून तयार होऊ शकते. पण रोग एकदा उमटला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि सगळ्या सुया पुऱ्या कराव्या.

एकाची लस, शेजाऱ्याची राखण

गोवर हवेतून पसरतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. कोणालाच लस दिलेली नसेल, तर एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांना तो होऊ शकतो. आमच्या चाळीसारख्या दाट वस्तीत तो वणव्यासारखा पसरतो.

गोवराची एक खोडी फार वाईट. ज्या राखणदारांनी जुन्या रोगांची आठवण ठेवलेली असते, त्यांनाच तो मारतो. शरीर आधी शिकलेले धडे विसरते. म्हणून गोवरातून उठलेल्या मुलाला पुढे हगवण, न्यूमोनिया असे रोग गाठतात. गोवराचे पुष्कळ बळी अशा रीतीने जातात.

2022 साली पावसाळा सरल्यावर मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ उठली. पुढे ती इतर वस्त्यांत पसरली. मुले दगावली. सात रस्त्याजवळच्या कस्तुरबा रुग्णालयात मुलांना दाखल करावे लागले. लस मुळीच न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुले त्यांत पुष्कळ होती. त्याआधी करोनाच्या काळात कित्येक मुलांच्या सुया राहून गेल्या होत्या.

शंभरांतल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही सुया मिळाल्या, तर गोवराला पुढे सरकायला वाट मिळत नाही. मग तान्ह्या बाळांना आणि आजारामुळे लस घेता न येणाऱ्यांनाही आडोसा मिळतो. पोलिओचे असेच झाले. घरोघर थेंब पाजले. आपल्या देशात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रोगी 13 जानेवारी 2011 रोजी बंगालात सापडला. 2014 साली आपला भाग पोलिओमुक्त ठरला.

दोन सुया कशाला?

नऊ महिन्यांच्या शंभर मुलांना गोवराची लस दिली, तर सुमारे पंच्याऐंशी मुलांचे शरीर धडा शिकते. पंधरांचे शिकत नाही. पण ती पंधरा कोणती, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या मध्ये सगळ्यांना दुसरी सुई देतात. शाळेत पहिल्यांदा न समजलेले गणित मी दुसऱ्यांदा सांगत असे. तसेच हे आहे.

पूर्वीच्या देवीच्या लशीने दंडावर वण उमटे. गोवराच्या सुईचा वण उमटत नाही. तिची खूण आत, राखणदारांच्या आठवणीत राहते. बाहेरची खूण म्हणजे कार्ड. ते जमिनीच्या कागदासारखे जपून ठेवावे.

वहिनी उठल्या

माझे सांगून झाले. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "भावोजी, माझा पहिला मुलगा गोवरातच गेला. तुम्हांला आठवतंय ना? पुरळ मावळलं होतं. मी म्हटलं, सुटला. मग धाप लागली. तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हा मी ही सुई दिली असती तर?"

मला आठवत होते. ते 1978 साल होते. मी म्हणालो, "वहिनी, तेव्हा आपल्या गावात ही लस नव्हती. सरकारच्या लसीकरणात ती 1985 साली आली. तुमचा काही दोष नव्हता. तुम्ही सुई नको म्हणाला नव्हता. सुईच नव्हती."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. सुनेला म्हणाल्या, "कार्ड घे गं. उशीर झाला तर रांग वाढेल." आणि नातवाला त्यांनी स्वतः कडेवर घेतले.

बाळ सुई टोचताना रडले. अर्धा तास आम्ही बाकावर बसलो. तेवढ्यात ते हसूही लागले. नवव्या दिवशी त्याचे अंग थोडे कोमट झाले. वहिनींनी मला निरोप पाठवला, "राखणदार कामाला लागलेत."

लक्षात ठेवा

1. विषाणूशी आपले शरीरच लढते. लस त्याला शत्रूची ओळख आधी करून देते.
2. लस रोग येण्याआधी टोचावी. कुत्रे चावल्यास त्याच दिवशी दवाखान्यात जावे.
3. गोवराची पहिली सुई नऊ महिने पुरे झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या मध्ये. एक सुई चुकली तरी घाबरू नये. केंद्रात जाऊन विचारावे.
4. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. थोडा ताप आला तर भिऊ नये. फार त्रास झाला तर दवाखाना गाठावा.
5. गावात लस अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात फुकट मिळते. दिवस कोणता, ते आशाताईंना विचारावे. कार्ड जपून ठेवावे.